थांब्यांचा हिशेब : देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या समूह सायकल प्रवासाच्या प्रकल्प नोंदी

९ जुलै

आजच्या पहिल्या बैठकीत प्रकल्पाची चौकट ठरली. देशाच्या एका सीमेपासून दुसऱ्या सीमेपर्यंतचा आखलेला मार्ग २,८८० किलोमीटरचा आहे आणि तो बारा जणांनी, सोबत मोटार न घेता आणि आपले सामान आपणच वाहून, ४२ दिवसांत पार करायचा आहे. दर सहा दिवसांनंतर एक दिवस विश्रांतीचा ठेवला, तर पाच दिवस विश्रांतीचे, एक दिवस राखीव आणि ३६ दिवस प्रत्यक्ष सायकल चालवण्याचे उरतात, म्हणजे रोजची सरासरी ८० किलोमीटर पडते. समन्वय आणि नोंदी ही दोन्ही कामे माझ्याकडे आली आहेत.

८० हा आकडा कमी आहे, अशी तक्रार तिघांनी लगेच केली, कारण एकट्याने दिवसात दीडशे किलोमीटर केल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी आहे. त्यांना मी १८९७ सालचे उदाहरण दिले. अमेरिकी लष्कराच्या २५व्या पायदळ रेजिमेंटचे वीस कृष्णवर्णीय सैनिक लेफ्टनंट जेम्स मॉस यांच्या नेतृत्वाखाली मॉन्टानातील मिझुला येथून सेंट लुईसपर्यंत सायकलवर गेले होते. सुमारे १,९०० मैलांचे, म्हणजे तीन हजारांहून थोडे अधिक किलोमीटरचे हे अंतर कापायला त्यांना ४१ दिवस लागले. ते कसलेले, शिस्तीत वाढलेले सैनिक होते, तरीही चिखल, वाळू आणि दूषित पाणी यांत त्यांची सरासरी दिवसाला ७५ किलोमीटरच्या आसपासच राहिली. आपले रस्ते त्यांच्या रस्त्यांपेक्षा कितीतरी बरे आहेत हे खरे. परंतु आपण सैनिक नाही, हेही खरे आहे. आकडा ८० वरच कायम राहिला.

१४ जुलै

आज सर्व सायकली एकत्र आणून चाकांची मापे घेतली. टायरच्या कडेवर छापलेले इंचांचे आकडे फसवे असतात, म्हणून केवळ रिमवर टायर जेथे बसतो त्या व्यासाचे मिलिमीटरमधील माप नोंदवले. 'सातशे सी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाच सायकली आणि '२९ इंची' म्हणवणाऱ्या तीन सायकली यांचे माप एकच, म्हणजे ६२२ निघाले, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. उरलेल्यांपैकी तीन सायकली ५५९ च्या, म्हणजे जुन्या २६ इंची मापाच्या, आणि एक ५८४ ची होती.

तीन मापे म्हणजे तीन प्रकारचे राखीव टायर आणि तीन प्रकारच्या ट्यूब. ५८४ च्या मालकाने दुसरी सायकल आणण्याचे मान्य केले. ५५९ च्या तीन सायकली मात्र ठेवल्या, कारण त्यांची चाके लहान आणि मजबूत आहेत आणि त्या तिघांचे त्यांवर प्रेम आहे. प्रेम हा तांत्रिक निकष नव्हे, याची मला जाणीव आहे.

व्हॉल्व्हचा प्रश्न सोपा होता. बारीक आणि जाड अशा दोन्ही व्हॉल्व्हना चालणारे तीन पंप घ्यायचे ठरले.

२३ जुलै

गिअरविषयी आज बराच वाद झाला आणि तो आकडेमोड केल्यावरच मिटला. स्वार ७०, सायकल १४ आणि सामान १६ असे मिळून १०० किलो वजन धरले. चाकाचा घेर २.१५ मीटर घेतला. पुढे ३४ आणि मागे २८ दातांची चकती असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल २.६१ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे ही चढावरची किमान सुसह्य गती मानली, तर वेग ताशी ९.४ किलोमीटर होतो आणि आठ टक्क्यांच्या चढावर केवळ वजन वर नेण्यासाठी २०५ वॉट शक्ती लागते. पुढे २२ आणि मागे ३४ दात असतील, तर एका फेऱ्यात सायकल १.३९ मीटरच सरकते, वेग ताशी ५ किलोमीटर होतो आणि लागणारी शक्ती ११० वॉटच्या आत येते.

२०५ वॉट शक्ती तासभर देऊ शकणारे आमच्यात दोघे-तिघे असतील, ११० वॉट मात्र सगळेच देऊ शकतील. ताशी ५ किलोमीटर हा चालण्याचाच वेग आहे, मग उतरून ढकलत का नेऊ नये, असे एकाने विचारले. सामानाने लादलेली सायकल ढकलणे हे चालवण्याहून कंबरेला अधिक महागात पडते, हे उत्तर त्याला पटल्यासारखे दिसले नाही. ते पुढे घाटात पटेल. चार सायकलींची पुढची चकती बदलायची ठरली.

२ ऑगस्ट

पहिली चाचणी, ६० किलोमीटर, निम्मे सामान. दोघांचे गुडघे दुखले. एकाचा पुढच्या बाजूने दुखत होता आणि त्याची सीट खाली होती. दुसऱ्याचा मागच्या बाजूने दुखत होता आणि त्याची सीट वर होती. दोन्ही सीट सुधारल्या. पायडल सर्वांत खाली असताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा कोन राहावा, एवढे पाहिले. बाकी नोंद घेण्यासारखे काही नाही.

१६ ऑगस्ट

दुसरी चाचणी, ९२ किलोमीटर, पूर्ण सामान. ही नोंद सविस्तर लिहीत आहे, कारण आज या प्रकल्पाची खरी अडचण कागदावर आली.

सकाळी निघाल्यापासून मुक्कामाला पोहोचेपर्यंत ८ तास ५० मिनिटे लागली. चाके प्रत्यक्ष फिरत होती ती ५ तास १० मिनिटे, म्हणजे चालता वेग ताशी १७.८ किलोमीटर होता आणि तो उत्तम आहे. उरलेले ३ तास ४० मिनिटे आम्ही उभे होतो. त्यांपैकी ठरवून घेतलेले थांबे सव्वा तासाचे होते. राहिलेली १४५ मिनिटे सतरा किरकोळ थांब्यांत गेली, म्हणजे एका थांब्याला सरासरी साडेआठ मिनिटे पडली.

या सतरा थांब्यांपैकी एकही अवाजवी नव्हता. कोणाला जाकीट काढायचे होते, कोणाचा कॅरिअरचा पट्टा सैल झाला होता, कोणाला लघवीला जायचे होते, कोणाची बाटली पडली होती. प्रत्येकाला प्रत्यक्षात दोन मिनिटेच पुरत होती, परंतु एक थांबला की अकरा थांबत, अकरा थांबले की त्यांतला एखादा पिशवी उघडत असे, आणि ज्याच्यासाठी थांबलो तो निघायला तयार होई तोवर दुसराच कोणी तरी हातमोजे काढून बसलेला असे. आठव्या थांब्यानंतर मी घड्याळ हातात धरूनच उभा राहू लागलो, ते काहींना आवडले नाही.

संध्याकाळी हिशेब मांडला. आम्ही सर्वांनी अधिक जोर लावून चालता वेग ताशी एक किलोमीटरने वाढवला असता, तर ९२ किलोमीटरमागे सोळा मिनिटे वाचली असती. दोन किरकोळ थांबे टाळले असते, तरी तेवढीच वाचली असती. गेला महिनाभर आम्ही टायर, गिअर आणि वजन यांवर बोलत आहोत. मला आता असे वाटते, की समूहाचा वेग पायांत नसतो, तो थांब्यांत असतो, आणि माणसे वाढतात तसे थांबे नुसते वाढत नाहीत, ते लांबतातही.

उपाय म्हणून बारा जणांच्या तीन तुकड्या करण्याचा प्रस्ताव मी मांडला. समूह फोडायचाच असेल तर समूहाने जायचे कशाला, असा आक्षेप आला. आक्षेप योग्य आहे आणि त्यावर पुढच्या बैठकीत बोलायचे आहे.

२१ ऑगस्ट

चार-चार जणांच्या तीन तुकड्या मान्य झाल्या. तुकड्यांत दहा मिनिटांचे अंतर राहील, दर २० ते २५ किलोमीटरवर सर्वांनी एकत्र यायचे आणि दुपारचे जेवण व मुक्काम एकत्रच होईल. किरकोळ कारणासाठी तुकडी थांबेल, समूह थांबणार नाही. प्रत्येक तुकडीत एकाला पंक्चर काढता येईल आणि एकाला प्रथमोपचार येईल, अशी वाटणी केली. सर्वांत वेगवान चौघे एकाच तुकडीत जाऊ पाहत होते. ते होऊ दिले नाही.

वाट चुकण्याचा प्रश्न उरला होता. त्यासाठी असा नियम केला, की प्रत्येक वळणावर तुकडीतील शेवटचा स्वार थांबेल, मागून येणाऱ्या तुकडीला वाट दाखवेल, तिच्याबरोबर पुढे येईल आणि पुढच्या एकत्र थांब्यावर आपल्या तुकडीत परत जाईल. या माणसाला बैठकीतच 'नाकेदार' हे नाव पडले. दोन एकत्र थांब्यांच्या दरम्यान तीनहून अधिक वळणे आली तर पहिल्या तुकडीत वाट दाखवायला कोणी उरणारच नाही, ही त्रुटी सर्वांत ज्येष्ठ सदस्याने दाखवून दिली. अशा टप्प्यात एकत्र थांबे जवळजवळ घ्यायचे ठरले.

३० ऑगस्ट

तिसरी चाचणी, ९५ किलोमीटर. चालता वेळ ५ तास २५ मिनिटे, एकूण वेळ ७ तास २० मिनिटे. चालता वेग गेल्या वेळेपेक्षा किंचित कमी होता, तरी अंतर तीन किलोमीटरने अधिक असूनही दीड तास वाचला. आक्षेप घेणाऱ्या सदस्यानेच दुपारी सांगितले, की चौघांत बोलणे होते, बाराजणांत नुसता गलका होतो.

१२ सप्टेंबर

घामाचे मोजमाप केले. दोन तासांच्या फेरीआधी आणि नंतर तिघांची वजने घेतली. एकाचे १.४ किलो घटले आणि त्याने वाटेत ६०० मिलिलिटर पाणी प्यायले होते, म्हणजे तासाला सुमारे एक लिटर घाम गेला. दुसऱ्याचा घाम याच हिशेबाने तासाला अर्धा लिटरच निघाला. दोघांना एकाच मापाने पाणी पाजणे चूक आहे, एवढे यातून दिसले. ज्याचा घाम कमी त्याने भीतीपोटी लिटर-लिटर साधे पाणी पीत राहणे धोक्याचे असते, कारण रक्तातील सोडियम विरळ होऊन डोकेदुखी, मळमळ आणि पुढे गोंधळलेपणा येऊ शकतो, आणि ही लक्षणे पाणी कमी पडल्याची समजून त्याला आणखी पाणी दिले जाते. म्हणून तहान लागेल तसे प्यायचे, लांबच्या टप्प्यात पाण्यात मीठ-साखर घालायची आणि तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे खायचे, असे ठरले.

२६ सप्टेंबर

सामानाची अंतिम तपासणी झाली. सामूहिक साहित्यात ६२२ च्या बारा आणि ५५९ च्या पाच ट्यूब, दोन्ही मापांचे मिळून तीन घडीचे टायर, ठिगळे आणि सोल्यूशन, टायर काढायचे लिव्हर, चेन तोडण्याचे अवजार व जोडकड्या, ब्रेक पॅडच्या सहा जोड्या, ब्रेक आणि गिअरच्या केबल, कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, उघडण्याचा पाना, कॅसेट धरून ठेवण्याचा चेनपट्टा, आणि प्रत्येक मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या मापाचे स्पोक आहेत. हे सर्व तीन तुकड्यांत वाटले. तंबूंचे खांब आणि कापड यांच्यावरून झालेली रस्सीखेच येथे नोंदवत नाही.

मागवलेल्या मालापैकी चेनचे पार्सल आलेच नाही. पाठवणारा म्हणतो वाहतूकदाराकडे चौकशी करा, आणि वाहतूकदार म्हणतो पाठवणाऱ्याकडे. तीन नव्या चेन हव्या होत्या, एकच हाताशी आहे.

४ ऑक्टोबर, दिवस पहिला

निघालो. ७४ किलोमीटर. दोन जण झोपलेच नव्हते. किरकोळ थांब्यांत ३४ मिनिटे गेली, पहिल्या दिवसाला ती माफ आहेत.

७ ऑक्टोबर, दिवस चौथा

आज पाच पंक्चर झाली आणि त्यांतली तीन एकाच चाकाची होती. पहिल्या वेळी ट्यूब बदलून लगेच निघालो, नऊ किलोमीटरवर हवा पुन्हा गेली. दुसऱ्या वेळीही तेच झाले. तिसऱ्या वेळी ट्यूब टायरवर ठेवून, व्हॉल्व्हपासून भोकापर्यंतचे अंतर मोजले आणि टायरमध्ये नेमकी तीच जागा शोधली. हाताला काहीच लागत नव्हते. टायर आतून बाहेर उलटा करून वाकवला तेव्हा रबरातून केसाइतकी बारीक, तीन-चार मिलिमीटर लांबीची पोलादी तार डोकावली. हायवेच्या कडेला फुटून पडलेल्या ट्रकच्या टायरांतून अशा तारा सुटतात आणि रस्त्याच्या बाजूपट्टीवर, म्हणजे नेमक्या सायकलच्या वाटेत, पसरतात. नखाने ती निघेना, चिमटीतून निसटे. शेवटी नखे कापायच्या कात्रीने धरून ओढली.

यापुढे कारण सापडल्याशिवाय नवी ट्यूब टायरमध्ये जाणार नाही, आणि व्हॉल्व्ह नेहमी टायरवरच्या नावाच्या समोर बसवला जाईल, म्हणजे भोकावरून काट्याची जागा शोधता येईल.

१० ऑक्टोबर, दिवस सातवा

विश्रांती. कपडे, चेन, झोप. चेनची मापे घेतली. बारा पूर्ण कड्यांची नव्या चेनमधील लांबी ३०४.८ मिलिमीटर असते, ती दीड मिलिमीटरने वाढली की झीज अर्धा टक्का झाली असे समजतो. दोन सायकलींच्या चेन या मर्यादेजवळ आहेत. न आलेले पार्सल आठवले.

१५ ऑक्टोबर, दिवस बारावा

तिघांच्या करंगळीला आणि अनामिकेला मुंग्या येत आहेत. मनगटाच्या बाहेरच्या कडेने जाणारी नस हँडलवर दाबली जाते, त्याचे हे लक्षण आहे. दर दहा मिनिटांनी हाताची पकड बदलायची आणि हँडल थोडे उंच करायचे, असे सांगितले. चौथ्याच्या बाबतीत कारण वेगळे निघाले : त्याची सीट पुढच्या टोकाकडे खाली झुकलेली होती, त्यामुळे तो दिवसभर हातांवर तोललेला असे.

२१ ऑक्टोबर, दिवस अठरावा

घाटाचा दिवस. अंतर ५८ किलोमीटरच होते, तरी वेळ नेहमीपेक्षा जास्त लागला. चढाची चिंता आम्ही जुलैपासून केली होती आणि चढ ठीक झाला. २२ दातांच्या चकतीला नावे ठेवणारा सदस्य आज तिच्यावरच बसून, गप्पा मारत वर आला. थॉमस स्टीव्हन्स १८८४ मध्ये उंच चाकाच्या सायकलवरून अमेरिका ओलांडून गेला, तेव्हा त्याला वाटेचा सुमारे तिसरा हिस्सा पायी चालावा लागला होता. त्याला गिअर नव्हते.

उताराची चिंता मात्र आम्ही पुरेशी केली नव्हती. १०० किलो वजन ६०० मीटर खाली येते तेव्हा सुमारे ५९० किलोज्यूल ऊर्जा कोठे तरी जावी लागते, आणि भिऊन सावकाश उतरणाऱ्याच्या बाबतीत तिचा मोठा भाग ब्रेकमध्ये जातो. वेगाने उतरणाऱ्याची बरीचशी हवेत जाते. एवढ्या उष्णतेत दीड लिटरहून अधिक पाणी उकळेल. रिमवर ब्रेक असलेल्या एका सायकलची मागची रिम निम्म्या उतारावरच इतकी तापली, की बोट टेकवून ठेवता येईना. रिम तापली की आतली हवा फुगते आणि ट्यूब फुटण्याचा धोका असतो. ब्रेक सतत घासत ठेवू नये, सरळ पट्ट्यात सोडावा, वळणाआधी दोन्ही ब्रेक जोराने लावून वेग उतरवावा आणि पुन्हा सोडावा, हे सर्वांना माहीत होते. परंतु थकलेला हात मुठीत आवळलेलाच राहतो. दर दोन किलोमीटरवर सक्तीचा थांबा घेऊन रिम निवू दिल्या. थांब्यांवर टीका करणाऱ्या मला हे पाच थांबे स्वतःच्या हाताने नोंदवावे लागले.

२६ ऑक्टोबर, दिवस तेविसावा

सकाळपासून समोरचा वारा होता, अंदाजे ताशी २५ किलोमीटरचा. आम्ही ताशी १२ ने जात होतो, म्हणजे अंगावर येणारा वारा ३७ चा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे शांत हवेत १८ च्या वेगाने जाताना जेवढा विरोध असतो, त्याच्या चौपटीहून अधिक विरोध सोसून आम्ही दोन-तृतीयांश वेगाने सरकत होतो. अशा वेळी पुढच्याच्या आडोशाने चालणे हाच उपाय असतो. आघाडीवर दोन मिनिटे राहायचे, बाजूला होऊन मागे जायचे, असा क्रम तिन्ही तुकड्यांनी लावला होता आणि तो तीन तास छान चालला.

दुपारी वारा फिरून तिरका झाला. तिरक्या वाऱ्यात आडोसा सरळ मागे मिळत नाही, मागे आणि बाजूला मिळतो. मोकळ्या रस्त्यावर स्वार म्हणूनच तिरक्या रांगेत जातात. वाहत्या रस्त्यावर तशी रांग करता येत नाही, हे ठाऊक असूनही दुसऱ्या तुकडीतला तिसरा स्वार आडोसा शोधत पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला शिरला. त्याचे पुढचे चाक आणि समोरच्याचे मागचे चाक वीतभर अंतर एकमेकांशेजारी आले. एक ट्रक गेला, वाऱ्याचा झोत तुटला, समोरचा हातभर सरकला आणि चाकाला चाक लागले. अशा वेळी पुढच्याला फक्त धक्का जाणवतो, पडतो तो मागचा, कारण त्याचेच पुढचे चाक अडकते.

तो रस्त्याच्या कडेला पडला, हे आमचे नशीब. कोपर सोलवटले, खांदा दुखावला, हेल्मेटला आतून तडा गेला. हेल्मेटमधील फोम एकदा दबला की पुन्हा धक्का पेलत नाही, म्हणून ते तेथेच मोडून टाकले, जेणेकरून कोणाला ते वापरायचा मोह होऊ नये. डॉक्टरांनी हाड मोडले नसल्याचे सांगितले, परंतु दोन आठवडे हँडलवर भार देण्यास मनाई केली.

२७ ऑक्टोबर, दिवस चोविसावा

राखीव दिवस आज खर्च झाला. पडलेला सदस्य परत जात आहे. सर्वांनी दोन आठवडे थांबावे, असे एकाने सुचवले आणि ते मनापासून सुचवले होते. ज्याच्यासाठी थांबायचे त्यानेच नकार दिला. मुंबईहून १९२३ मध्ये सहा पारशी तरुण सायकलवर जगाच्या फेरीला निघाले होते आणि १९२८ मध्ये परत आले तेव्हा अदी हकीम, जाल बापसोला आणि रुस्तम भुमगरा असे तिघेच उरले होते, हे त्यानेच आम्हांला ऐकवले आणि आपला नवा पंप माझ्या पिशवीत घातला.

तुकड्या आता चार, चार आणि तीन. नियम एका वाक्याचा केला : आपले पुढचे चाक समोरच्याच्या मागच्या चाकाशेजारी कधीही जाणार नाही.

३ नोव्हेंबर, दिवस एकतिसावा

सकाळी अकराच्या सुमारास माझ्याच मागच्या चाकातून 'टंग' असा आवाज आला आणि चाक डोलू लागले. स्पोक तुटला होता, तोही कॅसेटच्या बाजूचा, हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, जेथे तो वाकून बसतो त्या कोपऱ्यात. कॅसेटला जागा देण्यासाठी मागच्या चाकात रिम मध्यावर आणताना त्या बाजूचे स्पोक अधिक ताणावे लागतात. ताण जास्त, सामानाचा भार मागे, आणि प्रत्येक फेऱ्यात ताण कमी-जास्त होत राहणे, यामुळे धातू थकतो.

सामान उतरवले, चाक काढले, चेनपट्ट्याने कॅसेट धरून पाना फिरवला. कॅसेट सुटली आणि पाठीमागे महिन्याभराचा काळा चिखल निघाला. तुटलेल्या स्पोकचे दोन्ही तुकडे काढले. नवा स्पोक हबच्या भोकातून ओवून, शेजारच्या स्पोकांची वीण पाहून, दोघांच्या वरून आणि तिसऱ्याच्या खालून नेला. तो घालताना धनुष्यासारखा वाकतो आणि मोडेल अशी भीती वाटते, परंतु मोडत नाही. रिममधल्या जुन्याच निपलमध्ये, म्हणजे स्पोकचे टोक धरणाऱ्या नटात, तो बसला. मग सायकल उलटी ठेवून, ब्रेक पॅडला मापपट्टी समजून, चाकाचा आऊट, म्हणजे डोलणे, काढायला बसलो. ज्या जागी रिम डावीकडे झुकते तेथे उजवे स्पोक पाव फेरा घट्ट करायचे, डावे पाव फेरा सैल. ताण मोजायचे यंत्र जवळ नव्हते, म्हणून त्याच बाजूचे स्पोक नखाने छेडून त्यांचा सूर ऐकला आणि नव्या स्पोकचा सूर त्यांच्याशी जुळेपर्यंत निपल फिरवले. आमच्यातल्या गाणाऱ्या सदस्याने तो जरा उतरलेला आहे असे सांगितले आणि ते खरे होते.

एकूण ५५ मिनिटे लागली. पुढची तुकडी एकत्र थांब्यावर वाट पाहत होती, तिने तोवर जेवून घेतले होते.

५ नोव्हेंबर, दिवस तेहतिसावा

त्याच चाकाचा आणखी एक स्पोक गेला, अपेक्षेप्रमाणे. एकाच वयाचे स्पोक एकत्रच थकतात. या वेळी ३५ मिनिटे.

८ नोव्हेंबर, दिवस छत्तिसावा

शेवटची विश्रांती. चेन मोजल्या. सात चेनची झीज अर्ध्या टक्क्याच्या वर गेली आहे, दोन पाऊण टक्क्याला पोहोचल्या आहेत. एकुलती नवी चेन कोणाला द्यायची, यावर बैठक घेतली. जुन्या कॅसेटवर नवी चेन दात सोडून घसरण्याचा संभव असतो, म्हणून ती न लावता तुटण्यासाठी राखून ठेवली.

किरकोळ थांब्यांची सरासरी गेल्या सहा दिवसांत २१ मिनिटांवर आली आहे. स्पोकचे दोन थांबे यात धरलेले नाहीत.

१४ नोव्हेंबर, दिवस बेचाळिसावा

शेवटचे ६९ किलोमीटर. पहिल्या दोन तुकड्या दुपारी सव्वा वाजता सीमेच्या खांबापाशी पोहोचल्या. दुसऱ्या तुकडीचा नाकेदार तीन किलोमीटर अलीकडच्या वळणावर थांबला होता आणि तिसरी तुकडी येईना. त्याने फोन केला तेव्हा कळले, की वळणाच्या अर्धा किलोमीटर आधीच तिला पंक्चर झाले आहे. राखीव ट्यूब सगळ्या संपल्या होत्या, म्हणून जुनीच ट्यूब काढून ठिगळ लावणे चालू होते, आणि सोल्यूशन वाळू देण्याआधीच ठिगळ चिकटवल्याने ते दोनदा निघाले. खांबापाशी पोहोचलेले सातजण तेथे न थांबता उलटे निघाले आणि नाकेदाराजवळ येऊन उभे राहिले. त्याने त्यांना वळण दाखवले.

किरकोळ थांबे : एक, ४६ मिनिटे, अकरा जण.